कवळीची डबी आणि वृद्धाश्रमाची नोंदवही

वडिलांची पुण्यतिथी जवळ आली की चिंचवड, निगडी-प्राधिकरण, भोसरी, चाकण, तळेगाव या पट्ट्यातील अनेक व्यापारी कुटुंबांना वृद्धाश्रमातील एका वेळच्या जेवणाची आठवण होते. आठ दिवस आधी फोन होतो, पावती फाडली जाते आणि ठरल्या दिवशी कुटुंबातील चार-पाच जण डबे व पातेली घेऊन हजर होतात. बेतही ठरलेला असतो: बुंदीचे लाडू, मूगडाळीची कचोरी, पुरी, वरण-भात, पापड. वाढणाऱ्यांच्या भावनेत काहीही खोट नसते. परंतु पंगत जरा निरखून पाहावी. एखाद्या आजी पुरीचे तुकडे वरणात बुडवून ते भिजण्याची वाट पाहत बसलेल्या असतात. शेजारचे आजोबा लाडू हातानेच कुस्करून जिभेवर ठेवतात आणि कचोरी कागदात गुंडाळून उशाशी ठेवून देतात. विचारले तर "नंतर खाईन" म्हणतात. ती कचोरी संध्याकाळी झाडलोट करणारी मावशी उचलून नेते.

त्यांना कचोरी आवडत नाही असे नव्हे. ती चावता येत नाही, आणि तसे चारचौघांत सांगण्याचा संकोच वाटतो.

या औद्योगिक पट्ट्याचे आता वय झाले आहे. 1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, पुढच्या दशकात टेल्को आणि बजाज ऑटो आले, 1982 साली महानगरपालिका झाली. 1970 च्या सुमारास पंचविशीत येथे आलेला कामगार आज ऐंशीचा झाला आहे; आणि त्या कामगाराला किराणा, कापड, भांडी व हार्डवेअर उधारीवर देणारा दुकानदारही. दुकान मुलाने वाढवले, नातू हिंजवडीत किंवा परदेशात नोकरीला लागला, घरात दिवसभर कोणी राहीना. पक्षाघात, मोडलेला खुबा किंवा स्मृतिभ्रंश यांपैकी एकाने घरात पाऊल ठेवले की मग अशा निवासाचा विचार सुरू होतो. समाजात त्याविषयी अजूनही दबक्या आवाजात बोलले जाते. इंग्रजीत अशा ठिकाणाला 'नर्सिंग होम' म्हणतात. आपल्याकडे मात्र त्या शब्दाने दहा-वीस खाटांचे खासगी रुग्णालय ओळखले जाते. या लेखातील विषय वृद्धाश्रम आणि शुश्रूषा केंद्रांचा आहे. घरी ठेवलेल्या बारा तासांच्या मावशीलाही तो तितकाच लागू पडतो.

अशा ठिकाणी प्रवेश घेताना कुटुंबे पुष्कळ गोष्टी विचारतात. स्वयंपाक शुद्ध शाकाहारी आहे का, कांदा-लसूण व कंदमुळे वगळून जेवण मिळेल का, सूर्यास्तापूर्वी वाढतील का, डॉक्टर किती दिवसांनी येतात, रात्री कोण असते. दात कोण घासून देते, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. संस्थेच्या प्रवेश-अर्जात रक्तदाब, मधुमेह, चष्मा, श्रवणयंत्र यांचे रकाने असतात. पुष्कळ अर्जांत कवळीचा रकाना सापडत नाही.

वृद्धांच्या तोंडात नेमके काय बिघडते, हे थोडे समजून घ्यावे लागते. वयाबरोबर हिरड्या मागे सरतात आणि दाताचे मूळ उघडे पडते. मुळावर दाताच्या माथ्यासारखे कठीण कवच नसते, त्यामुळे तेथे कीड लवकर लागते. रक्तदाब, नैराश्य, ॲलर्जी, लघवीचा त्रास यांवरील अनेक औषधांनी लाळ कमी होते. लाळ ही दातांची नैसर्गिक धुलाई आहे. ती आटली की अन्न चिकटून राहते, जीभ टाळूला लागते, कवळी टोचू लागते. त्यात वृद्धाश्रमांत मऊ म्हणून चहात बुडवलेली गोड बिस्किटे दिवसातून दोन-तीनदा दिली जातात. ती दातांच्या फटीत पिठासारखी बसतात. मधुमेह असेल तर हिरड्यांचा रोग बळावतो आणि हिरड्या सुजलेल्या असतील तर साखर आटोक्यात आणणे कठीण होते; हे चक्र दोन्ही बाजूंनी फिरते. जुन्या पिढीतील अनेक स्त्रियांना मिश्रीची सवय होती व काहींना अजूनही आहे. त्यांच्या तोंडात पांढरा वा लाल चट्टा, किंवा दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम दिसली तर ती तातडीने डॉक्टरांना दाखवली पाहिजे.

परंतु दातांचा प्रश्न दातांपाशी थांबत नाही. झोपेत किंवा गिळताना तोंडातील लाळ थोडीफार श्वासनलिकेत उतरते. तरुण माणूस खोकून ती बाहेर काढतो. अंथरुणाला खिळलेल्या, पक्षाघात झालेल्या किंवा गिळण्याची शक्ती क्षीण झालेल्या व्यक्तीला तसा खोकला येत नाही. तोंडात जंतूंचा थर साचलेला असेल तर तोच फुप्फुसात पोहोचतो आणि न्यूमोनिया होतो. मृत्यूच्या दाखल्यावर न्यूमोनिया लिहिले जाते. त्याची वाट तोंडातून गेली होती का, हे कोणी तपासत नाही.

जपानमध्ये योनेयामा या दंतवैद्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 11 शुश्रूषागृहांतील चारशेहून अधिक वृद्धांवर केलेला अभ्यास या बाबतीत प्रसिद्ध आहे. तो 2002 साली प्रकाशित झाला. त्यांनी वृद्धांचे दोन गट केले. एका गटाचे दात प्रत्येक जेवणानंतर परिचारिका किंवा काळजीवाहक घासून देत आणि आठवड्यातून एकदा दंतवैद्य किंवा त्यांचे साहाय्यक येऊन सफाई करीत. दुसऱ्या गटात पूर्वीसारखेच चालू राहिले. दोन वर्षांत दुसऱ्या गटातील 19 टक्के वृद्धांना न्यूमोनिया झाला, दात घासून दिलेल्या गटात 11 टक्के. न्यूमोनियाने झालेल्या मृत्यूंचे प्रमाणही या गटात निम्म्याच्या आसपास होते. साधन कोणते, तर ब्रश आणि दुसऱ्या माणसाची काही मिनिटे.

हिशेबाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात आठशेहून अधिक वृद्धांवर असाच प्रयोग झाला. त्यात ब्रशबरोबर जंतुनाशक औषध आणि जेवताना सरळ बसवणे यांचाही समावेश होता. 2015 साली प्रकाशित झालेल्या त्या अभ्यासात न्यूमोनियात लक्षणीय फरक आढळला नाही. त्यामुळे दात घासले की न्यूमोनिया टळलाच, अशी हमी कोणी देऊ नये. मात्र कवळीविषयीचा जपानमधीलच आणखी एक अभ्यास लक्षात ठेवण्याजोगा आहे. पंच्याऐंशी वर्षांवरील पाचशेहून अधिक वृद्धांची तीन वर्षे पाहणी केल्यावर असे दिसले की रात्री कवळी घालून झोपणाऱ्यांत न्यूमोनियाचा धोका न घालणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक होता. कवळी रात्री काढून ठेवायला तर काहीच खर्च येत नाही.

आणि न्यूमोनिया क्षणभर बाजूला ठेवला तरी दुखणारा दात उरतोच. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीला "दाढ दुखते" असे सांगता येत नाही. ती जेवणाचे ताट सरकवते, गालावर हात ठेवून बसते, दाढी करू देत नाही, रात्री ओरडते, मावशीचा हात चावते. मग "चिडचिड वाढली" अशी नोंद होते आणि झोपेची गोळी सुरू होते. त्या गोळीने तोंड आणखी कोरडे पडते.

मग हे काम होत का नाही? काळजीवाहकांवर निष्काळजीपणाचा ठपका ठेवणे सोपे आहे, परंतु आकडेमोड करून पाहावी. समजा, एका आश्रमात चाळीस वृद्ध आहेत. प्रत्येकाचे दात दोन वेळा घासायचे आणि प्रत्येक वेळी चार मिनिटे लागतात असे धरले तर रोजची 320 मिनिटे झाली, म्हणजे पाच तास वीस मिनिटे. अंघोळी, लंगोट बदलणे, भरवणे, औषधे हे सर्व सांभाळून दोन-तीन मावशी व मामा एवढा वेळ कोठून काढणार? म्हणून ते काम मुकाट्याने यादीतून गळते. पण चाळीसही जणांना पूर्ण मदत लागत नाही. निम्म्याहून अधिक जणांच्या हातात पेस्ट लावलेला ब्रश दिला आणि आरशासमोर उभे केले की ते स्वतः घासतात. खरी मदत पंधरा जणांना लागते असे मानले तर काम दोन तासांवर येते, आणि ते दोन पाळ्यांत विभागता येते. एवढी मोजणी संचालकांनी एकदा कागदावर करावी.

श्रीमंत देशांतही हे काम आपोआप होत नाही. इंग्लंडमध्ये 2016 साली शुश्रूषागृहांतील तोंडाच्या आरोग्याविषयी राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध झाल्या: प्रवेशाच्या वेळीच तोंड तपासावे, प्रत्येकाच्या काळजीच्या आराखड्यात त्याची नोंद असावी, कर्मचाऱ्यांना शिकवावे. तीन वर्षांनी तेथील तपासणी यंत्रणेने शंभर गृहांना भेट दिली, तेव्हा 52 टक्के गृहांकडे या विषयाचे कोणतेही लेखी धोरण नव्हते आणि 47 टक्के ठिकाणी कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण मिळालेले नव्हते. आपल्याकडील 2007 च्या ज्येष्ठ नागरिक अधिनियमात प्रत्येक जिल्ह्यात किमान एक वृद्धाश्रम, रुग्णालयांत खाटा आणि ज्येष्ठांसाठी वेगळी रांग यांची तरतूद आहे. त्यातील वैद्यकीय साहाय्याच्या कलमात दातांचा उल्लेख नाही. कायद्याची वाट पाहण्यात अर्थ नाही, हे त्यावरून कळते.

चाकण-भोसरीच्या कारखान्यांशी व्यवहार असलेल्या कोणत्याही कुटुंबाला एक गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. प्रत्येक यंत्राला एक तक्ता टांगलेला असतो. रोज सकाळी तेलाची पातळी पाहिली का, सफाई केली का, त्यापुढे खूण व सही. खूण नसेल तर पर्यवेक्षक विचारतो. वृद्धाश्रमातील प्रत्येक खाटेला असाच एक तक्ता लागतो: स्वतःचे दात किती, कवळी वरची की खालची, मदत किती लागते, सकाळची खूण, संध्याकाळची खूण, शेरा. शेऱ्यात "रक्त आले", "तोंड उघडले नाही", "कवळी सैल" एवढे दोन शब्द पुरतात. महिन्यातून एकदा विश्वस्ताने तो तक्ता पाहावा. तपासणारा कोणी असला की नोंदी होतात, हा सर्वच संस्थांचा अनुभव आहे.

मावशींना शिकवण्याचा भाग एका दुपारचा आहे, पण तो दंतवैद्याने हाताला धरून शिकवावा. वृद्धाला शक्य तितके सरळ बसवावे; बसता येत नसेल तर कुशीवर वळवावे, म्हणजे पाणी घशात जात नाही. मदत करणाऱ्याने समोरून अंगावर न येता बाजूला किंवा थोडे मागे उभे राहावे. ब्रश लहान डोक्याचा व मऊ, फ्लोराइडयुक्त पेस्ट वाटाण्याएवढीच. ज्याला चूळ भरता येत नाही त्याच्यासाठी पेस्ट आणखी कमी घ्यावी आणि ओल्या स्वच्छ कापडाने तोंड पुसून घ्यावे. ज्यांना शाकाहाराची खात्री हवी त्यांनी वेष्टनावरील हिरवे चिन्ह पाहून पेस्ट निवडावी. काळे दंतमंजन, मीठ, राख बोटाने चोळण्याची सवय सोडवताना वाद घालू नये. आधी ब्रश, नंतर समाधानापुरते मंजन, असा मध्यम मार्ग निघतो. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीच्या हातात एक ब्रश द्यावा आणि दुसऱ्या ब्रशने आपण घासावे. सकाळी जमले नाही तर दुपारी पुन्हा प्रयत्न करावा. बळजबरीने जबडा उघडल्यास दुसऱ्या दिवशी ते तोंड मुळीच उघडत नाही.

वेळेचा मुद्दा समाजातील ज्येष्ठांच्या बाबतीत विशेष महत्त्वाचा आहे. चौविहार करणाऱ्या आजींचे तोंड रात्री साडेआठला घासू म्हटले तर त्या नकार देतील, आणि तो योग्यच असेल. बहुतेक ठिकाणी काळजीवाहकांची पाळी रात्री आठला बदलते. तोपर्यंत सूर्य मावळून बराच वेळ झालेला असतो. डिसेंबरात पुणे परिसरात सहाच्या सुमारासच सूर्यास्त होतो. म्हणून चौविहार असणाऱ्यांचे संध्याकाळचे दात घासणे दिवसपाळीकडे, जेवणानंतर लगेच, सूर्यास्तापूर्वी असावे आणि तक्त्यावर तशी वेळ लिहावी. त्यानंतर अन्नाचा कण तोंडात जात नाही, ही दातांच्या दृष्टीने मोठीच सोय आहे. नवकारशी करणाऱ्यांचे सकाळचे घासणे सूर्योदयानंतरच्या अठ्ठेचाळीस मिनिटांनंतर ठेवावे. रात्री कवळी भिजवायला उकळून गार केलेले पाणी घेता येते. मात्र लाळ कमी करणाऱ्या गोळ्या चालू असताना पाण्याविना जाणारी लांब रात्र काही ज्येष्ठांना त्रासदायक ठरते. ओठ फुटत असतील, जीभ चिकटत असेल तर गोळीची वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे.

कवळीची वेगळी कथा आहे. वेळ वाचवण्यासाठी सगळ्यांच्या कवळ्या एकाच पातेल्यात धुतल्या की कोणाची कोणती, हे नंतर कळत नाही. दुसऱ्याची कवळी बसत नाही, हिरडी सोलवटते, आणि आजोबा कवळी घालायचेच सोडतात. उपाय साधा आहे: प्रत्येकाची झाकणाची डबी, तिच्यावर नाव, आणि कवळीवरही दंतवैद्याकडून नाव किंवा क्रमांक टाकून घेणे. कवळी साबण व मऊ ब्रशने धुवावी. मंजनाने चरे पडतात, उकळत्या पाण्याने तिचा आकार बिघडतो. जबड्याचे हाड झिजत जाते, त्यामुळे दहा वर्षांपूर्वी नीट बसणारी कवळी आज सैल होणारच. "आता या वयात नवीन कशाला, किती दिवस वापरणार?" हे वाक्य प्रत्येक व्यापारी घरातील ज्येष्ठ म्हणतात. आयुष्यभर काटकसर केलेल्या माणसाच्या तोंडी ते शोभतेही. मुलांनी मात्र ते शब्दशः घेऊ नये.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर दात काढण्यासाठी ती परस्पर बंद करू नये. हृदयरोगतज्ज्ञ आणि दंतवैद्य यांनी मिळून ठरवावे. ठिसूळ हाडांसाठी इंजेक्शन किंवा गोळ्या घेतल्या असतील तर तेही दात काढण्यापूर्वी सांगितलेच पाहिजे, कारण अशा रुग्णांत क्वचित जबड्याचे हाड भरून येत नाही. चालू औषधांची चिठ्ठी संस्थेत असते. ती दंतवैद्यापर्यंत पोहोचवणारा माणूस लागतो.

समाजात शिबिरांचा उत्साह मोठा आहे. दंतशिबिरही भरते. फलक लागतो, प्रमुख पाहुण्यांचे स्वागत होते, साठ जणांची तोंडे दोन तासांत पाहिली जातात आणि "पाच दात काढावे लागतील" अशा चिठ्ठ्या हातात देऊन वाहन परत जाते. चाकाच्या खुर्चीतील आजींना त्या चिठ्ठीचे काय करायचे, हे ठाऊक नसते. पूर्ण कवळीसाठी साधारण पाच भेटी लागतात: माप, पुन्हा माप, चाव्याची नोंद, मेणावरची चाचणी आणि अखेरीस बसवणे. त्यापुढे टोचते म्हणून एक-दोन. ज्या शिबिराला दुसरी तारीख नाही त्याने तोंडाचे फारसे भले होत नाही.

पिंपरीत सोय नाही असेही नाही. संत तुकारामनगर परिसरात महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आणि डॉ. डी. वाय. पाटील दंत महाविद्यालय जवळजवळ आहेत. सार्वजनिक आरोग्य दंतशास्त्र हा दंतशिक्षणातील स्वतंत्र विषय आहे आणि रुग्णालयाबाहेर जाऊन काम करणे हा त्याच्या शिक्षणाचाच भाग असतो. शिकाऊ दंतवैद्यांना शिकण्यासाठी रुग्ण हवे असतात, वृद्धाश्रमाला दंतवैद्य हवा असतो. मध्ये पत्र लिहिणारा, गाडीची व्यवस्था करणारा आणि तीन महिन्यांची तारीख पक्की करणारा कोणी लागतो. गरीब ज्येष्ठांसाठी 2017 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत काठी, चष्मा, श्रवणयंत्राबरोबर कवळीचाही समावेश आहे, हे अनेक संस्थांना माहीत नसते. सत्तरीवरील सर्वांसाठी 2024 पासून लागू झालेले आयुष्मान कार्ड रुग्णालयात दाखल होण्याच्या उपचारांसाठी आहे. रोज दात घासून देण्याचे काम कोणत्याही विम्यात बसत नाही.

येथे देणगीदार कुटुंबांचा संबंध येतो. चाळीस जणांसाठी दर तीन महिन्यांनी नवा ब्रश म्हटले तर वर्षाला 160 ब्रश, शिवाय पेस्ट, नावाच्या डब्या, छापील तक्ते आणि मावशींच्या प्रशिक्षणाची एक दुपार. हा सारा खर्च एका गोड जेवणाच्या खर्चाच्या आसपास बसतो. जेवण बंद करावे असे कोणी म्हणणार नाही. त्या दिवशी लाडवाऐवजी मुगाचा शिरा आणि पुरीऐवजी मऊ फुलके ठेवले तरी पंगत पूर्ण होते. पावतीवरील 'निमित्त' या रकान्यात वडिलांचे नाव ब्रशांसाठीही लिहिता येते. एखाद्या कुटुंबाने पुण्यतिथीला दंतवैद्याच्या चार भेटींचा खर्च उचलला तर संस्थेला वर्षाचे वेळापत्रक आखता येते.

आणि ज्यांचे स्वतःचे आई-वडील अशा निवासात किंवा घरी मावशीच्या हवाली आहेत, त्यांना तारीख लक्षात ठेवण्याचीही गरज नाही. निवृत्तिवेतन घेणाऱ्यांचा हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यावाच लागतो. ऐंशीवरील केंद्रीय निवृत्तांना तो ऑक्टोबरपासून देता येतो. त्यासाठी मुलगा किंवा सून रजा काढून येतेच. त्याच दिवशी दंतवैद्याची वेळ घ्यावी, कवळी काढून हिरड्या पाहून घ्याव्यात, ब्रशचे केस वाकले आहेत का ते पाहावे आणि खाटेजवळच्या तक्त्यावर मागच्या आठवड्यातील किती खुणा भरल्या आहेत त्या मोजाव्यात.